आठवडा धावण्यापासून बांधावा : गोव्याच्या ७०.३ साठी नोकरदाराचे वेळापत्रक

गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ स्पर्धेत १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणे असते. या तिन्ही अंतरांची मैलांतील बेरीज म्हणजेच नावातील ७०.३ हा आकडा. पणजीत २०१९ मध्ये ही स्पर्धा पहिल्यांदा झाली आणि तेव्हापासून महाराष्ट्रातील हौशी खेळाडूंसाठी ती घराजवळची, एका रात्रीच्या प्रवासाने गाठता येणारी मोठी स्पर्धा ठरली आहे. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होत असल्यामुळे तिच्या तयारीचे मुख्य महिने जून ते सप्टेंबर, म्हणजे ऐन पावसाळ्यात येतात. परदेशी संकेतस्थळांवरून उतरवून घेतलेली तयार वेळापत्रके आपल्याकडे कोलमडतात, त्याचे हे पहिले कारण आहे. दुसरे कारण असे की त्यांतील आठवडा बहुधा स्पर्धेच्या क्रमाने विचार करतो, तर आपल्याला तो शरीराला पडणाऱ्या भाराच्या क्रमाने बांधायला हवा.

पुढील मांडणी पुण्यासारख्या शहरात पूर्ण वेळ नोकरी करणाऱ्या, सलग अर्धा तास सावकाश धावू शकणाऱ्या, तलावात न थांबता दोनशे मीटर पोहू शकणाऱ्या आणि आठवड्याला सुमारे दहा तास देऊ शकणाऱ्या व्यक्तीसाठी आहे. चाळिशी ओलांडलेली असल्यास, किंवा घरात हृदयविकार वा मधुमेह असल्यास, सुरुवातीपूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

वेळापत्रक लिहिताना सर्वांत आधी लांब धावेचा दिवस ठरवावा. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीएवढा भार पायावर येतो. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत या श्रमाला सरावतात, पण कंडरा आणि हाडे यांना त्याहून बराच अधिक काळ लागतो. पिंढरी, गुडघा, टाच आणि नडगी यांची दुखणी याच फरकातून उद्भवतात. सायकल स्नायूंना थकवते, पण सांध्यांना आदळत नाही, आणि पोहण्याचा पायांवरचा भार तर नगण्यच. म्हणून धावणे ताज्या पायांच्या दिवशी, सायकलचा कष्टाचा सराव त्यापासून अंतर राखून, आणि पोहणे उरलेल्या जागांत, असा क्रम मी सुचवतो.

आपल्याकडे शनिवारी लांब सायकल आणि रविवारी गटाबरोबर लांब धाव ही पद्धत रूढ आहे. अनुभवी धावपटूला ती चालते, कारण थकलेल्या पायांनी धावण्याचा सराव त्यातून मिळतो. पहिल्याच वर्षी मात्र ती टाळावी, असे माझे ठाम मत आहे. तीन तास सायकल चालवून थकलेले स्नायू दुसऱ्या सकाळी धक्के झेलण्याच्या स्थितीत नसतात, चाल बिघडते आणि तो भार थेट सांध्यांवर जातो. रविवारी पोहावे, सोमवारी पूर्ण विश्रांती घ्यावी आणि मंगळवारी पहाटे लांब धाव ठेवावी. आठवड्यात पाय सर्वांत ताजे असतात ते याच सकाळी. त्यासाठी पावणेपाचला उठावे लागते हे खरे, पण कार्यालयाच्या दिवशी दीड तास काढणे हे दोन महिने टाच धरून बसण्यापेक्षा नक्कीच सोपे आहे.

मंगळवारची धाव पहिल्या आठवड्यात सात-आठ किलोमीटर असावी आणि स्पर्धेच्या तीन आठवडे आधी ती सतरा-अठरापर्यंत पोहोचावी. पूर्ण एकवीस किलोमीटर सरावात धावण्याची गरज नाही. वेग असा ठेवावा की शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यांत बोलता यावे. वाक्य मध्येच तुटू लागले तर वेग जास्त आहे, मग घड्याळ काहीही दाखवो. पावसाळी सकाळी हवेत दमटपणा इतका असतो की नेहमीच्याच वेगाला हृदयाचे ठोके बरेच वर जातात. अशा दिवशी वेगाचा आकडा सोडून द्यावा आणि श्रमाच्या जाणिवेवर चालावे. वेताळ टेकडी किंवा हनुमान टेकडीची मातीची वाट पायांना मऊ लागते, पण संततधारेत तीच घसरडी होते, त्यामुळे त्या दिवसांत विद्यापीठाच्या परिसरातील किंवा वस्तीतील सपाट डांबरी रस्ता बरा. रस्ता एका बाजूला उतरता असेल तर जाता-येता तीच बाजू धरू नये, कारण एकाच नितंबावर सतत ताण येतो.

बुधवारी सकाळी तलाव. या दिवशी लक्ष अंतराकडे नसून हाताच्या पद्धतीकडे असावे. महाराष्ट्रात गावाकडे वाढलेले कितीतरी प्रौढ विहिरीत किंवा नदीत, पाठीला डबा वा सुका भोपळा बांधून पोहायला शिकलेले असतात. त्यांना खोल पाण्याची भीती नसते, आणि समुद्रात या निर्भयतेचा मोठा उपयोग होतो. पण डोके पाण्याबाहेर ठेवून पोहण्याची सवय त्यांच्या अंगात मुरलेली असते. डोके वर उचलले की कंबर खाली जाते, पाय बुडतात आणि प्रत्येक हाताला सारे शरीर चढणीवरून ओढल्यासारखे पुढे न्यावे लागते. यावर जोर वाढवून काही साधत नाही. नजर तळाकडे, मान सैल, श्वास घेताना एक डोळा पाण्यातच आणि श्वास सोडणे पाण्याखाली संथपणे चालू, एवढ्या चार गोष्टी अंगवळणी पडेपर्यंत पन्नास-पन्नास मीटरचे तुकडे पोहावेत. महिना-दीड महिना एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाने काठावरून पाहिले तर त्यावर खर्च केलेला पैसा महागड्या सायकलीवरील खर्चापेक्षा अधिक फळ देतो.

पोहण्याचा स्वतःचा वेग ठरवण्याची एक सोपी रीत आहे. नीट सैल झाल्यावर चारशे मीटर शक्य तितक्या वेगाने पोहावे, पुरेशी विश्रांती घेऊन तसेच दोनशे मीटर पोहावे, आणि दोन्ही वेळांतील फरकाला दोनने भागावे. चारशेला ९ मिनिटे २० सेकंद आणि दोनशेला ४ मिनिटे २० सेकंद लागले, तर फरक पाच मिनिटांचा, म्हणून शंभर मीटरचा वेग अडीच मिनिटे. बुधवारचा मुख्य भाग याच वेगावर बसवावा: तीनशे मीटर सावकाश, मग पन्नास मीटरचे सहा तुकडे पद्धतीवर लक्ष देऊन, त्यानंतर शंभर मीटर दहा वेळा आणि प्रत्येक शंभरानंतर वीस सेकंद विश्रांती, शेवटी दोनशे मीटर सैल. दहावे शंभर पहिल्याच वेळेत आले पाहिजे. पहिले दोन वेगात मारून पुढचे आठ रडतखडत पूर्ण करण्यात काहीच हाती लागत नाही. आयर्नमॅन ७०.३ च्या सर्वसाधारण नियमांनुसार पोहण्यासाठी १ तास १० मिनिटे मिळतात, म्हणजे शंभर मीटरला सुमारे ३ मिनिटे ४१ सेकंद. तलावात अडीच ते पावणेतीन मिनिटांत शंभर मीटर जाणाऱ्याने या मर्यादेची धास्ती घेऊ नये. वेळेच्या सर्व मर्यादा आपापल्या वर्षीच्या स्पर्धक-पुस्तिकेत मात्र पाहून घ्याव्यात.

बुधवारी संध्याकाळी अर्धा तास ताकदीचे व्यायाम करावेत. एका पायावर उभे राहून टाचा उचलणे, स्क्वॅट, एका पायावर पुढे वाकणे, प्लँक आणि रबरी पट्ट्याने खांद्याचे व्यायाम एवढे पुरे. यासाठी जिमचे सदस्यत्व लागत नाही.

गुरुवारी सकाळी घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवता येणाऱ्या साधनावर, सायकल. पावसाळ्यात आठवड्यातला कष्टाचा सराव रस्त्यावर करणे मला पटत नाही. पूर्ण जोर लावताना लक्ष विभागलेले असते, आणि साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे की नाही हे कळत नाही. ट्रेनरवर पंधरा मिनिटे सैल फिरवून आठ मिनिटांचे चार टप्पे करावेत, मध्ये चार मिनिटे हलके. टप्प्यातील श्रम असे असावेत की एखादा शब्द बोलता येईल, वाक्य नाही. ज्यांच्याकडे पॉवर मीटर, म्हणजे सायकलीवर लावलेला जोर वॅटमध्ये मोजणारे उपकरण, आहे त्यांनी वीस मिनिटांच्या पूर्ण ताकदीच्या चाचणीतील सरासरी वॅटच्या ९५ टक्क्यांना आपला एफटीपी (सुमारे तासभर टिकवता येणारा जोर) मानावा आणि हे टप्पे त्याच्या ९० ते ९५ टक्क्यांवर करावेत. पॉवर मीटर नसल्यास अर्ध्या तासाच्या पूर्ण जोराच्या सरावातील शेवटच्या वीस मिनिटांचे सरासरी ठोके धरावेत आणि टप्प्यांत त्यांच्या किंचित खाली राहावे. समोर मोठा पंखा हवाच, नाहीतर शरीर तापल्यामुळे पाय थकण्याआधीच ठोके वर जातात आणि सराव वाया जातो.

ट्रेनरवरून उतरल्याबरोबर बूट बदलून पंधरा-वीस मिनिटे धावावे. सायकलीवरून लगेच धावण्याच्या या जोडीला ब्रिक म्हणतात. पहिली पाच-सात मिनिटे पाय आपले नसल्यासारखे वाटतात, पावले आखूड पडतात, आणि वेगाचा अंदाज पूर्ण चुकतो. बहुतेकांचा तो जास्तच जातो. गुरुवारच्या ब्रिकचे काम इतकेच की या पहिल्या पाच मिनिटांत जाणूनबुजून सावकाश निघण्याची सवय लागावी.

शुक्रवारी पाऊण तास हलके पोहावे. आठवड्यात एखादा दिवस गाळावाच लागला तर पहिला हा गाळावा.

शनिवारची लांब सायकल हा या आठवड्याचा कणा आहे, कारण स्पर्धेतला सुमारे निम्मा वेळ खोगिरावर जातो आणि खाण्यापिण्याचा, बसण्याच्या ठेवणीचा, वाऱ्याचा, कंटाळ्याचा असा सगळा सराव एकत्र होण्याची जागा ही एकच आहे. सुरुवात पन्नास किलोमीटरपासून करून आठवड्याला सात-आठ किलोमीटर वाढवत नव्वद-शंभरपर्यंत जावे. लोणावळ्याकडे जाणारा जुना मुंबई रस्ता, साताऱ्याकडचा महामार्ग किंवा सिंहगडाचा पायथा ही पुणेकर सायकलस्वारांची नेहमीची ठिकाणे आहेत. उजाडताना निघावे आणि वाहनांची वर्दळ वाढण्याआधी परतावे. मागचा लाल दिवा दिवसाही चालू असावा. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते, तेव्हा पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे आणि पुलांचे सांधे यांवरून जाताना सायकल सरळ ठेवावी, वळू नये, ब्रेक लावू नये. रिम ब्रेक असतील तर ओल्या रिमवर पकड उशिरा बसते, म्हणून उतारावर आधीपासूनच हलके दाबत राहावे. घरी आल्यावर साखळी पुसून तेल देण्याचे दहा मिनिटांचे काम सोमवारवर ढकलू नये. पावसातला चिखल साखळी फार लवकर झिजवतो.

गटाने सायकल चालवण्यात सुरक्षितता आणि सोबत दोन्ही आहेत, परंतु गटात दुसऱ्याच्या मागे राहिले की वाऱ्याचा मोठा भाग तोच झेलतो. या स्पर्धेत पुढच्या सायकलीपासून बारा मीटर अंतर राखावे लागते आणि जवळ राहिल्यास दंडाची वेळ मिळते. त्यामुळे शनिवारचा निम्मा तरी भाग गटापासून सुटून, हँडलवर खाली वाकून, एकट्याने वारा झेलत करावा. शंभर किलोमीटर गटात सहज करणारे कितीतरी जण पणजीत साठ किलोमीटरनंतर खचतात, त्यामागे हेच असते.

या शनिवारांतला आणखी एक प्रघात म्हणजे मध्यावर पोहे-मिसळीचा थांबा. तो मला प्रिय आहे, तरी सरावाच्या शनिवारी नाश्ता परतल्यावरच करावा. तेलकट आणि तिखट खाणे पोटात जड होते, पाऊण तास पाय थंड पडतात, आणि चालत्या सायकलीवर खाण्याची सवय लागतच नाही. ताशी ६० ग्रॅम कर्बोदके हे लक्ष्य ठेवावे. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ४० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि लिंबाचा रस घातला की त्यातून ४० ग्रॅम कर्बोदके आणि सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम मिळते. जोडीला एक मध्यम केळे घेतले की तासाचा हिशेब पुरा होतो. राजगिऱ्याची वडी किंवा खजूर चालतात, पण चिक्की कडक असल्याने धापा टाकताना चावणे अवघड जाते. भूक लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी थोडे खावे. स्पर्धेत जेल (साखरेच्या दाट पाकाच्या पुड्या) वापरायचे असतील तर तेच जेल दोन महिने आधीपासून शनिवारी वापरावेत, म्हणजे पोटाला सोसतात की नाही ते कळते.

पाणी किती प्यावे याचे उत्तर वजनकाट्यावर मिळते. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम, त्यात वाटेत प्यायलेले पाणी मिळवले आणि तासांनी भागले की आपला ताशी घाम निघतो. सगळा घाम भरून काढण्याचा अट्टहास करू नये. वजन वाढून परत येणे हे तर धोक्याचे चिन्ह आहे, कारण अति पाण्याने रक्तातील सोडियम घातक पातळीपर्यंत उतरू शकते.

सायकल भिंतीला टेकवल्याबरोबर शनिवारची दुसरी ब्रिक, वीस मिनिटांपासून वाढवत चाळीसपर्यंत. इथे शेवटची दहा मिनिटे स्पर्धेच्या अपेक्षित वेगाने धावावीत.

रविवारी लांब पोहणे, दीड हजारपासून सव्वादोन हजार मीटरपर्यंत, शक्यतो न थांबता. पावसाळ्यात समुद्रात उतरू नये आणि धरणाच्या जलाशयातही नाही. गोव्यात आणि कोकणात या महिन्यांत समुद्र खवळलेला असतो आणि पाण्याखालचे ओढ किनाऱ्यावरून दिसत नाहीत. तेव्हा समुद्राची तयारी तलावातच करावी: भिंतीला हात न लावता दोन मीटर आधी वळावे, दर सहा-आठ हातांनी डोळे मगरीसारखे पाण्याच्या पातळीवर आणून समोरची एखादी खूण पाहावी, आणि दोन मित्रांना घेऊन एकाच लेनमध्ये खांद्याला खांदा लावून पोहावे. गोव्याचे पाणी उबदार असल्यामुळे वेटसूट, म्हणजे तरंगायला मदत करणारा रबरी पोशाख, गृहीत धरू नये. त्याच्या तरंगण्यावर किंवा पायांत धरलेल्या पुल बॉयवर (तरंगत्या फोमच्या तुकड्यावर) विसंबून मिळालेला वेग तिथे कामी येत नाही. ऑक्टोबरमध्ये पाणी शांत झाल्यावर स्थानिक परवानगी, सोबतीची होडी आणि कमरेला बांधलेला रंगीत फुगा असेल तरच खुल्या पाण्यात दोन-तीन वेळा जावे, एकट्याने कधीही नाही.

असा आठवडा तीनदा वाढवत न्यावा आणि चौथा तिसऱ्याच्या साठ-पासष्ट टक्क्यांवर आणावा. हा हलका आठवडा कॅलेंडर पाहून ठरवावा. गणेशोत्सवात रस्ते बंद असतात, रात्री जागरणे होतात, घरात पाहुणे असतात, मोदक असतात. त्या दिवसांत कष्टाचा आठवडा आखून घरच्यांशी भांडण्यापेक्षा हलका आठवडा तिथेच बसवावा आणि उत्सवात मोकळ्या मनाने सहभागी व्हावे. श्रावणी सोमवारचा उपवास या वेळापत्रकात आपोआप विश्रांतीच्या दिवशी येतो, तरी मंगळवारच्या धावेसाठी सोमवारी रात्री पोटभर भात-भाकरी खावी. नवरात्राचे नऊ दिवस मात्र बहुतेक वेळा स्पर्धेच्या अगदी तोंडावर येतात. ज्यांच्या घरी कडक उपवास असतो त्यांनी त्या आठवड्यांत लांब सराव रताळी, साबुदाणा, केळी आणि दूध यांच्या आधारे कसा निभावेल हे आधीच्या एका शनिवारी तपासून घ्यावे.

चुकलेला सराव दुसऱ्या दिवशी भरून काढू नये. कार्यालयातून उशीर झाला, मुलाला ताप आला, तर तो दिवस गेला असे समजून पुढचा दिवस जसा लिहिला आहे तसाच करावा. दोन दिवसांचा भार एका दिवशी घातला की ताज्या पायांसाठी राखलेला क्रमच मोडतो. शुक्रवारनंतर गाळण्याजोगा दिवस गुरुवारचा, आणि शनिवार शेवटपर्यंत राखावा. सकाळी उठल्यावरचे ठोके सलग दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा सात-आठने जास्त असतील, झोप तुटत असेल, चिडचिड वाढली असेल, तर कष्टाचा सराव हलका करावा. पावणेपाचला उठणाऱ्याने साडेनऊला अंथरुणावर असायला हवे, आणि हे घरातल्या सर्वांशी आधी बोलून ठरवावे, कारण संध्याकाळच्या कामांची वाटणी त्यांच्या वाट्याला जाणार असते.

शेवटच्या दोन आठवड्यांत वेळ आधी नेहमीच्या दोन तृतीयांशावर आणि मग निम्म्याहून खाली आणावा, पण दिवसांचा क्रम तोच ठेवावा आणि गुरुवारचे दोन टप्पे जोरातच करावेत. पुण्याचा ऑक्टोबर कोरडा तापतो, गोव्याची हवा दमट असते आणि तिथे घाम वाळत नाही. शरीराला उष्णता सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून या काळात एखादी हलकी धाव सकाळी अकराच्या सुमारास ठेवावी आणि ट्रेनरवरचा हलका भाग पंख्याशिवाय करावा. भोवळ किंवा शहारे आले तर तत्काळ थांबावे. सायकल खोक्यात भरण्यापूर्वी सीटपोस्ट आणि हँडल यांच्या जागी चिकटपट्टीने खुणा कराव्यात, पणजीत पोहोचल्यावर त्याच खुणांवर सायकल जुळवावी, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी वीस मिनिटे चालवून सगळे गिअर आणि दोन्ही ब्रेक तपासावेत. काही बिघाड असेल तर तो दुरुस्त करायला दुपार हाताशी राहते.